गहू आणि इतर तृणधान्यांमधील जनुकसंपादन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे २०२५ मध्ये भारतात भाताचे दोन जनुकसंपादित वाण जाहीर झाले आणि तेव्हापासून शेतकरी मेळाव्यांत, महाविद्यालयांत, एवढेच काय पण घरच्या बैठकीतही या विषयावरचे प्रश्न वाढले. त्यांतील नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. भर गव्हावर ठेवला आहे, कारण हे तंत्र कोठे सहज चालते आणि कोठे अडून बसते, हे गव्हाइतके स्पष्ट दुसऱ्या कोणत्याही पिकात दिसत नाही.

जनुकसंपादन म्हणजे नेमके काय?

प्रत्येक पेशीत डीएनएच्या रूपाने चार अक्षरांत लिहिलेला एक लांबलचक मजकूर असतो. पीक किती उंच वाढेल, ओंबी कधी बाहेर पडेल, पानावर बुरशी टिकेल की नाही, हे बऱ्याच अंशी त्या मजकुरावर ठरते. या मजकुरात आधी ठरवलेल्या जागी, आणि शक्यतो त्याच जागी, बदल करणे म्हणजे जनुकसंपादन.

सध्या सर्वाधिक वापरले जाणारे साधन क्रिस्पर-कॅस९ हे आहे. त्याचे दोन भाग असतात. एक म्हणजे मार्गदर्शक आरएनए. त्यातील साधारण २० अक्षरे डीएनएमधील जुळणारी जागा शोधतात. दुसरा भाग म्हणजे कॅस९ हे प्रथिन. ते त्या जागी डीएनएचे दोन्ही धागे कापते. कापलेला धागा पेशी घाईने सांधते आणि त्या घाईत एखाददुसरे अक्षर गळते किंवा जादा बसते. जनुकाचा अर्थ बिघडायला तेवढे पुरते आणि ते जनुक बंद पडते. मुळात ही यंत्रणा जीवाणूंची असून विषाणूंचा हल्ला परतवण्यासाठी ते तिचा उपयोग करतात. तिचा हवा तेथे छेद घेण्यासाठी उपयोग करता येतो, हे जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांनी २०१२ मध्ये दाखवले आणि २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्यानंतर दोन्ही धागे न कापता एकच अक्षर बदलणारी साधनेही आली असून ती गव्हात चालतात, हेही प्रयोगांनी दाखवले आहे.

मग हे बीटी कापसासारखेच झाले, नाही का?

नाही, आणि हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. २००२ मध्ये भारतात लागवडीस परवानगी मिळालेल्या बीटी कापसात मातीतील एका जीवाणूचे जनुक कायमचे बसवलेले आहे. अर्जेंटिनाने २०२० मध्ये मंजूर केलेला दुष्काळ सोसणारा गहूदेखील याच प्रकारचा आहे; त्यात सूर्यफुलाचे जनुक आहे. दोन्ही ठिकाणी पिकाच्या मजकुरात बाहेरचा परिच्छेद आणून जोडलेला आहे.

आज ज्या जनुकसंपादनाची चर्चा आहे, त्यातील बहुतेक कामात बाहेरचे काहीही शेवटच्या रोपात उरत नाही. पिकाच्या स्वतःच्याच जनुकातील काही अक्षरे गळालेली किंवा बदललेली असतात. असे बदल निसर्गातही होतात आणि माणसाने ते जाणूनबुजून घडवूनही आणले आहेत. मेक्सिकोहून आलेल्या सोनोरा-६४ या लाल दाण्याच्या गव्हावर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या गटाने किरणांचा मारा केला आणि त्यातून पिवळसर दाण्याचा शरबती सोनोरा हा वाण निघाला. आपल्या लोकांना पोळीसाठी लाल गहू चालत नव्हता, हे त्यामागचे साधे कारण होते. त्या किरणांनी मजकुरात नेमके कोठे कोठे बदल केले, ते तेव्हा कोणी वाचू शकत नव्हते. हजारो रोपांमधून डोळ्यांनी निवड करावी लागत होती. जनुकसंपादनात बदलाची जागा आधी ठरते आणि बदल झाल्यावर तो वाचून पाहता येतो.

मात्र याच साधनाने बाहेरचे संपूर्ण जनुकही ठरलेल्या जागी बसवता येते, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. तसे केल्यास ते पीक बीटी कापसासारख्या जीएम (जनुकीय सुधारित) पिकांच्याच रांगेत बसते, आणि भारतीय नियमही त्याला तसेच मानतात.

भातात हे काम लवकर झाले, गव्हात उशीर का?

कारण गव्हाच्या घरात तीन कुटुंबे एकत्र नांदतात. आपण पोळीसाठी वापरतो त्या गव्हात ४२ गुणसूत्रे असून ती तीन वेगवेगळ्या पूर्वजांकडून आलेली आहेत. त्यांना ए, बी आणि डी असे संच म्हणतात. यांपैकी ए आणि बी हे संच ज्या जातीतून आले, तिचा आपल्याकडचा जिवंत नातलग म्हणजे सांगली, सातारा, कोल्हापूर भागात पिकणारा खपली गहू. त्यात २८ गुणसूत्रे असतात. साधारण आठ ते दहा हजार वर्षांपूर्वी अशा गव्हाचा एका रानगवताशी संकर झाला, डी संच मिळाला आणि पोळीचा गहू तयार झाला.

या इतिहासाचा परिणाम असा, की गव्हाच्या बहुतेक जनुकांच्या तीन जवळजवळ सारख्या प्रती असतात आणि प्रत्येक प्रतीची जोडी असल्याने एकूण सहा होतात. एक प्रत बंद पाडली तरी उरलेल्या तिचे काम सांभाळून घेतात आणि शेतात काहीच फरक दिसत नाही. म्हणूनच गव्हात नैसर्गिक बदलांतून मिळणारे कित्येक उपयुक्त गुण पिढ्यान्‌पिढ्या झाकलेले राहिले. तिन्ही प्रतींमध्ये एकाच वेळी तोच बदल निसर्गतः होण्याची शक्यता नगण्य आहे; क्रिस्परला मात्र तिन्ही प्रतींना जुळणारी २० अक्षरे दिली, की तो सर्वांवर एकाच वेळी काम करू शकतो. जे गव्हाचे कुलूप होते, त्याची किल्ली खऱ्या अर्थाने प्रथमच हाती आली आहे, असे मला मनापासून वाटते.

दुसरी अडचण आकाराची आहे. भाताचा जनुकसंच सुमारे ४० कोटी अक्षरांचा, माणसाचा सुमारे ३ अब्ज अक्षरांचा, तर गव्हाचा सुमारे १६ अब्ज अक्षरांचा. त्यातील ८० टक्क्यांहून अधिक भाग पुनरावृत्तीचा असल्यामुळे तो वाचून जुळवणे फार कठीण गेले. ‘चायनीज स्प्रिंग’ या वाणाचा सविस्तर नकाशा ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात १,०७,८९१ जनुके नोंदवली गेली. या आंतरराष्ट्रीय कामात भारतीय शास्त्रज्ञांकडे २ए या गुणसूत्राची जबाबदारी होती. नकाशा हाती नसताना कोठे छेद घ्यायचा, हे ठरवणे म्हणजे गट क्रमांक माहीत नसताना जमिनीची मोजणी करण्यासारखे होते.

प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काय करतात? पेरणीच्या बियाण्यालाच इंजेक्शन देतात का?

नाही. सुरुवात दाणा अजून हिरवा आणि दुधाळ असतानाच होते. फुलोऱ्यानंतर दोन आठवड्यांच्या आसपास ओंब्या काढतात, दाणे निर्जंतुक करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक दाण्यातील कोवळा गर्भ चिमट्याने अलगद बाहेर काढतात. तो जेमतेम दोन मिलिमीटरचा, पांढुरका, थोडासा पारदर्शक असतो. एक दिवस लवकर काढला तर तो तग धरत नाही, उशीर झाला तर तो सरळ उगवून येतो आणि कामाचा राहत नाही. अनुभवी हाताला दाणा दाबूनच दिवस कळतो.

या गर्भात संपादनाची यंत्रणा पोहोचवण्यासाठी बहुधा ॲग्रोबॅक्टेरियम या जीवाणूची मदत घेतात, किंवा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर डीएनए चढवून ते कण दाबाने पेशींमध्ये मारतात. पुढे काही आठवडे गर्भ पोषक द्रव्यावर अंधारात ठेवला, की त्यावर पिवळसर, रवाळ पेशींचा गोळा वाढतो. उजेडात आणल्यावर त्या गोळ्यावर हिरवे ठिपके दिसू लागतात आणि काही ठिपक्यांतून कोंब येतात. टिश्यू कल्चर केळीची रोपे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. फक्त गहू केळीपेक्षा पुष्कळ हट्टी आहे.

हा हट्टच खरी अडचण आहे. ‘फील्डर’ नावाच्या एका जुन्या अमेरिकी वाणापासून अशी रोपे सहज मिळतात, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा त्यावर काम करतात. परंतु शेतकऱ्याला फील्डर नको असतो. त्याला आपल्या हवेत, आपल्या जमिनीत सिद्ध झालेला वाण हवा असतो, आणि नेमके तेच वाण पुष्कळदा कोंब देत नाहीत. अमेरिकेतील डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात होर्हे दुबकोव्स्की यांच्या गटाने २०२० मध्ये गव्हाच्याच दोन प्रथिनांची जोडणी वापरून कोंब फुटण्याचे प्रमाण कितीतरी वाढवून दाखवले. लोक क्रिस्परच्या कात्रीचे कौतुक करतात. माझ्या मते गव्हाच्या बाबतीत हा शोध तितक्याच कौतुकाला पात्र आहे.

संपादनासाठी घातलेले परके जनुक मग रोपातून जाते कसे?

मेंडेलच्या नियमाने. कॅस९ तयार करणारा डीएनएचा तुकडा आणि प्रत्यक्ष बदल झालेले जनुक सहसा वेगवेगळ्या ठिकाणी असतात. तुकडा एकाच जागी बसला असेल, तर स्वपरागीकरणानंतर पुढच्या पिढीत साधारण चारातले एक रोप त्या तुकड्यापासून मुक्त निघते. पण गव्हात तिन्ही प्रती दोन्ही बाजूंनी बदललेल्या हव्या असतात. पहिल्या रोपात प्रत्येक जोडीतील एकच बाजू बदलली असेल, तर तिन्ही जोड्या पूर्ण बदललेले रोप चौसष्टांत एक निघते आणि ते शिवाय परक्या तुकड्यापासून मुक्तही हवे म्हटले, तर दोनशे छप्पन्नांत एक. म्हणून प्रत्येक रोपाच्या पानाचा तुकडा घेऊन तपासणी करावी लागते. हे कष्टाचे काम आहे, आणि तेथे घाई केली तर पुढचे सगळे वाया जाते.

तयार कॅस९ प्रथिन आणि मार्गदर्शक आरएनए थेट गर्भात पोहोचवण्याची पद्धतही गव्हात यशस्वी झाली आहे. तिच्यात परके डीएनए मुळात वापरलेच जात नाही. काम झाल्यावर प्रथिन पेशीतच विरून जाते.

गव्हात आतापर्यंतचे सर्वात भक्कम उदाहरण कोणते?

भुरीचे, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी आणणाऱ्या बुरशीच्या रोगाचे. याची गोष्ट सातूपासून, म्हणजे बार्लीपासून सुरू होते. सातूमध्ये एमएलओ नावाचे एक जनुक आहे आणि ते चालू असले, तरच भुरीच्या बुरशीला पानात शिरकाव करता येतो. ते बंद पडलेले सातू भुरीला दाद देत नाही, हे १९४२ मध्ये जर्मनीत क्ष-किरणांच्या प्रयोगातून दिसले. पुढे इथिओपियातील जुन्या स्थानिक वाणांतही तसाच नैसर्गिक बदल सापडला. युरोपातील सातूचे पीक गेली कित्येक दशके या एका गुणाच्या आधारावर भुरीपासून वाचले आहे. बुरशी सहसा काही वर्षांत प्रतिकारक वाणावर मात करते. येथे मात्र तिला लागणारे दारच काढून टाकलेले असल्यामुळे तिचे फारसे चालले नाही.

गव्हाला हा लाभ मिळाला नव्हता, कारण तेथे दारे तीन. २०१४ मध्ये चिनी विज्ञान अकादमीतील गाओ छायशा आणि छिऊ जिनलाँग यांच्या गटांनी तिन्ही प्रती एकदम बंद केल्या आणि गव्हावर भुरी येईनाशी झाली. त्यांनी यासाठी मुख्यतः क्रिस्परच्या आधीचे टॅलेन हे साधन वापरले होते. पण लगेच दुसरी बाजू पुढे आली : अशा रोपांची वाढ खुंटत होती आणि पाने अकाली पिवळी पडत होती. रोग गेला, पण उत्पादनही घटले, तर शेतकऱ्याच्या पदरात काय पडले?

उत्तर त्यांच्याच रोपांमध्ये दडलेले होते. त्यांतील एक रोप भुरीला दाद देत नव्हते आणि वाढीतही कमी नव्हते. तपासणी केल्यावर दिसले, की बी संचात एमएलओच्या परिसरातील सुमारे तीन लाख अक्षरांचा मोठा तुकडाच गळाला आहे. त्यामुळे शेजारचे, साखरेच्या वाहतुकीशी संबंधित एक जनुक जास्त जोमाने काम करू लागले आणि वाढीतील तूट भरून निघाली. २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झाले. तोच बदल नंतर क्रिस्परने थेट चांगल्या वाणांमध्ये काही महिन्यांत घडवता आला. संकराच्या मार्गाने याला वर्षे लागली असती. मे २०२४ मध्ये चीनने जनुकसंपादित गव्हाला पहिल्यांदाच सुरक्षितता प्रमाणपत्र दिले, तेही रोगप्रतिकारक गव्हालाच.

हे उदाहरण मी मुद्दाम लांबवले आहे. एक जनुक बंद केले की एकच परिणाम होतो, असे कोणी सांगत असेल, तर त्यांना ही आठ वर्षांची हकिगत ऐकवावी.

आपल्याकडे भुरीपेक्षा तांबेऱ्याची भीती जास्त. त्यावर काय?

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा प्रश्न अगदी योग्य आहे. पानावरून बोट फिरवले आणि बोटाला विटकरी भुकटी लागली, की गहू उत्पादकाच्या पोटात गोळा येतो. काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू दक्षिणेकडील निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत टिकून राहतात आणि वाऱ्यापावसाबरोबर मध्य भारताकडे येतात. त्या वाटेवर महाराष्ट्र लागतो. म्हणूनच महाबळेश्वरला गव्हावरील तांबेऱ्याचे संशोधन केंद्र आहे आणि निफाडच्या संशोधन केंद्रातून निघालेल्या वाणांत तांबेरा-प्रतिकार हा गुण कायम पहिल्या रांगेत राहिला आहे.

तांबेऱ्याविरुद्ध आतापर्यंतची रीत म्हणजे प्रतिकारक जनुके संकराने आणणे. बुरशी त्यांना काही वर्षांत चकवते, मग नवे जनुक शोधावे लागते. जनुकसंपादनाचा मार्ग वेगळा आहे : बुरशी स्वतःच्या सोयीसाठी गव्हाचीच जी जनुके वापरून घेते, ती शोधून बंद करायची. चीनमधील शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये गव्हातील असे एक जनुक निष्क्रिय करून पिवळ्या तांबेऱ्याला चांगला प्रतिकार मिळतो, हे दाखवले. पिवळा तांबेरा उत्तरेकडील थंड भागाचा. आपल्याकडचा त्रास काळ्या आणि नारिंगी तांबेऱ्याचा. त्यामुळे हे काम आशादायक असले, तरी निफाडच्या शेतात ते सिद्ध झाल्याशिवाय त्यावर विसंबता येणार नाही.

पोळी खाणाऱ्याला याचा काही उपयोग?

आहे, आणि तो पुष्कळांना अनपेक्षित वाटतो. मळलेली कणीक रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली, की सकाळी तिच्यावर करडी-काळपट छटा येते. पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचे विकर त्याला मोठ्या प्रमाणात जबाबदार असते. सफरचंदाची फोड काळी पडते तीही याच कुळातील विकरामुळे. अमेरिकेत गव्हातील या विकराच्या अनेक जनुक-प्रती एकाच मार्गदर्शक आरएनएने निकामी करून कणीक काळवंडण्याचे प्रमाण खूप कमी करता आले आहे.

दुसरे काम इंग्लंडमधील रोथॅमस्टेड संशोधन केंद्राचे. गव्हात ॲस्पॅराजिन हे अमिनो आम्ल मुक्त स्वरूपात असते आणि जास्त उष्णतेवर भाजताना त्यापासून ॲक्रिलामाइड तयार होते. हे द्रव्य माणसात कर्करोगाला कारणीभूत ठरण्याची शक्यता असलेले मानले जाते. टोस्ट, बिस्किटे, करपलेली पोळी यांत ते असते. प्रा. नायजेल हॅलफर्ड यांच्या गटाने ॲस्पॅराजिन तयार करणारे एक जनुक क्रिस्परने बंद केले. हरितगृहातील एका ओळीत ॲस्पॅराजिन ९० टक्क्यांपर्यंत घटले, शेतात मात्र घट साधारण निम्म्यावर आली. क्रिस्परने संपादित केलेल्या गव्हाची युरोपातील ही पहिली शेतचाचणी होती. ती २०२१ मध्ये सुरू झाली. हरितगृह आणि शेत यांतला हा फरक कोणत्याही नव्या वाणाची बातमी वाचताना ध्यानात ठेवावा.

ग्लुटेनचा त्रास असणाऱ्यांना असा गहू खाता येईल का?

आज तरी नाही. स्पेनमधील कॉर्डोबा येथील गटाने २०१८ मध्ये सीलिएक आजाराला चिथावणी देणाऱ्या ग्लायडिन कुळातील ४५ पैकी ३५ जनुके एका ओळीत बदलली आणि त्या दाण्यांची प्रतिक्रिया जागवण्याची क्षमता ८५ टक्क्यांनी कमी झाली. हे मोठे यश आहे. पण सीलिएकच्या रुग्णासाठी उरलेले १५ टक्केही धोक्याचे असतात. वैद्यकीय सल्ला सोडून कोणी ‘कमी ग्लुटेनचा’ म्हणून गहू विकत असेल, तर त्यापासून दूर राहावे.

उष्णता आणि पाण्याचा ताण सोसणारा गहू यातून मिळेल का?

मार्च २०२२ मधील उष्णतेच्या लाटेत दाणे भरण्याच्या वेळीच पीक होरपळले आणि त्या वर्षी १३ मे रोजी केंद्र सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. तेव्हापासून हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, आणि याचे उत्तर सर्वात सावधपणे द्यावे लागते. उष्णता सोसणे हा एका जनुकाचा गुण नाही. मुळांची खोली, पानावरील रंध्रे, फुलोऱ्याची वेळ, पराग जिवंत राहणे, दाण्यात पिष्ट साठण्याचा वेग अशा अनेक गोष्टी त्यात गुंतलेल्या असतात आणि प्रत्येकीमागे अनेक जनुके असतात.

काही सुट्या गुणांवर मात्र चांगले काम झाले आहे. दाण्याचा आकार आवरून धरणारे जीडब्ल्यू२ हे जनुक गव्हात बंद केले, की दाणा मोठा आणि वजनदार होतो. आणि जितक्या जास्त प्रती बंद, तितका परिणाम अधिक, हे अमेरिकेतील कॅन्ससमध्ये दिसून आले. जपानमधील शास्त्रज्ञांनी तिन्ही प्रती बदलून दाण्याची सुप्तावस्था लांबवली, म्हणजे कापणीच्या तोंडावर पाऊस आला तरी ओंबीतच कोंब फुटण्याचा धोका कमी होतो. अवकाळी पावसात गहू आडवा होऊन दाणा काळवंडलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या दुसऱ्या गुणाची किंमत वेगळी सांगायला नको. तरीही दाणा मोठा झाला, की दाण्यांची संख्या घटू शकते, आणि एकरी क्विंटल दोन्हींवर ठरतात.

भारतात प्रत्यक्ष काय झाले आहे?

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी भाताचे दोन जनुकसंपादित वाण जाहीर केले. पहिला, हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेचा ‘डीआरआर धान १००’ किंवा ‘कमला’. तो सांबा मसुरी या लोकप्रिय वाणापासून तयार झाला. त्यात सायटोकायनिन हे संप्रेरक मोडणाऱ्या विकराचे जनुक बदलले आहे. संप्रेरक टिकून राहिल्याने लोंबीत दाणे जास्त धरतात. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या निवेदनानुसार त्याचे उत्पादन मूळ वाणापेक्षा सुमारे १९ टक्के अधिक असून तो १५ ते २० दिवस आधी कापणीला येतो. दुसरा, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा डीएसटी राईस १’. तो एमटीयू १०१० पासून निघाला असून क्षार आणि पाण्याचा ताण सोसण्यासाठी त्यातील डीएसटी हे जनुक बदलले आहे.

या आकड्यांवर काही संघटनांनी आक्षेप घेतले आणि चाचण्यांच्या नोंदी वेगळेच सांगतात, असे म्हटले. माझे मत असे, की ठिकाणनिहाय आणि वर्षनिहाय सगळी आकडेवारी सर्वांना सहज पाहता येईल अशी ठेवावी. सार्वजनिक पैशातून निघालेल्या वाणाबद्दल शेतकऱ्याला विश्वास ठेवा, असे सांगण्यापेक्षा नोंदी पाहा, असे सांगता आले पाहिजे.

गव्हात मात्र भारतात अद्याप असा वाण शेतकऱ्यांपर्यंत आलेला नाही. गव्हाच्या पेशींमध्ये क्रिस्पर चालते, हे दाखवणाऱ्या जगातील पहिल्या काही निबंधांपैकी एक मात्र २०१३ मध्ये मोहालीच्या राष्ट्रीय कृषी-अन्न जैवतंत्रज्ञान संस्थेतून आला होता. सुरुवात वेळेवर झाली होती, हे आवर्जून सांगावेसे वाटते.

कायदा काय सांगतो?

३० मार्च २०२२ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने आदेश काढून एसडीएन-१ आणि एसडीएन-२ या प्रकारांतील, बाहेरील डीएनए न उरलेल्या वनस्पतींना १९८९ च्या नियमांतील ७ ते ११ या नियमांतून सूट दिली. एसडीएन-१ म्हणजे छेद देऊन सांधणे पेशीवर सोडणे. एसडीएन-२ म्हणजे छोटा नमुना देऊन ठरावीक अक्षरे बदलणे. एसडीएन-३ म्हणजे संपूर्ण जनुक बसवणे, आणि त्याला ही सूट नाही. मे २०२२ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने मार्गदर्शक तत्त्वे दिली. सूट मिळण्यासाठी परके डीएनए उरलेले नाही, हे पुराव्यानिशी दाखवावे लागते आणि त्यानंतर वाणाला नेहमीच्या चाचण्यांमधून जावे लागते.

युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये अशा पिकांना जीएमचेच नियम लागू होतात, असा निर्णय दिला होता. इंग्लंडने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा करून वेगळी वाट धरली.

चुकीच्या जागी छेद पडला तर?

पडू शकतो. २० पैकी १८-१९ अक्षरे जुळणारी दुसरी जागा असेल, तर कॅस९ तेथेही अधूनमधून काम करते, आणि १६ अब्ज अक्षरांत अशा जागा असणारच. म्हणून मार्गदर्शक आरएनए निवडतानाच संपूर्ण जनुकसंच संगणकावर तपासतात आणि तयार रोपांमध्ये संशयित जागा प्रत्यक्ष वाचून पाहतात. शिवाय मूळ वाणाशी पुन्हा संकर करून नको असलेले बदल गाळता येतात. प्रत्येक पिढीत आपोआप होणारे बदल आणि टिश्यू कल्चरमुळे होणारे बदल यांच्या तुलनेत असे चुकीचे छेद पिकांमध्ये सहसा थोडे आढळतात. पण ‘सहसा’ हा शब्द तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

ज्वारी-बाजरीसाठी कोणी काही करत आहे का?

करत आहेत, आणि व्हावे तितके होत नाही. ज्वारीचे प्रथिन शिजवल्यावर पचायला जड जाते, कारण ते काफिरिन या घट्ट बांधणीच्या प्रथिनात अडकलेले असते. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठात २०१८ मध्ये काफिरिनच्या जनुकांचे संपादन करून पचनीयता आणि लायसिन हे अमिनो आम्ल वाढल्याचे दाखवले गेले. केनियात टारफुल्याविरुद्ध, म्हणजे ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या परोपजीवी तणाविरुद्ध, काम चालू आहे. ज्वारीच्या मुळांतून झिरपणाऱ्या संप्रेरकाचा वास लागल्यावरच टारफुल्याचे बी रुजते. एलजीएस१ हे जनुक बंद असलेली ज्वारी वेगळ्या घडणीचे संप्रेरक सोडते आणि टारफुल्याचे बी झोपूनच राहते. हा गुण काही ज्वाऱ्यांत मुळातच आहे. तो शेतकऱ्याच्या आवडीच्या वाणात आणणे, एवढेच संपादनाने करायचे आहे.

बाजरीचे पीठ दळून आणल्यावर काही दिवसांत कडू पडते, हे आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे. पिठातील लायपेज हे विकर स्निग्धांश मोडते, त्यामुळे हा कडवटपणा येतो. या विकराची जनुके निसर्गतःच बिघडलेल्या बाजरीच्या ओळी हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेतील संशोधनात सापडल्या असून त्यांचे पीठ जास्त टिकते. बदल कोठे करायचा, हे त्यामुळे कळले आहे.

असे बियाणे घरी राखून पुढच्या वर्षी पेरता येईल का?

गहू आणि भात ही स्वपरागीभवन होणारी पिके आहेत, त्यामुळे बदल पुढच्या पिढीत तसाच उतरतो; संकरित बियाण्यासारखी फूट पडत नाही. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचाही हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचे बियाणे छापील नाममुद्रेखाली विकता येत नाही.

खरा गुंता साधनाच्या पेटंटमध्ये आहे. कॅस९ची पेटंटे परदेशी विद्यापीठे आणि कंपन्यांकडे आहेत आणि व्यापारी वापरासाठी परवाना लागतो. म्हणून कटकच्या राष्ट्रीय भात संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी टीएनपीबी या कॅस९पेक्षा बऱ्याच लहान प्रथिनावर आधारलेले साधन भातात विकसित केले, ही फार मोलाची गोष्ट आहे. ते गव्हातही तितकेच चांगले चालले, तर आपले वाण परवान्याच्या ओझ्याखाली दबणार नाहीत.

खपली, बन्सी यांसारखे जुने गहू यामुळे मागे पडतील का?

ते मागे पडले, तर कारण बाजाराचे असेल, क्रिस्परचे नव्हे. उलट, कोठे छेद घ्यायचा, हे पुष्कळदा जुन्या वाणांकडूनच कळते. इथिओपियातील सातू आणि लायपेज नसलेली बाजरी ही त्याचीच उदाहरणे आहेत. खपली आणि बन्सी या दोहोंत ए आणि बी हे दोनच संच असल्याने त्यांत तीनऐवजी दोनच प्रती बदलाव्या लागतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खपली आणि बन्सी या दोन्ही प्रकारांत संकर-निवडीच्या मार्गाने सुधारित वाण दिले आहेत. संपादनाला सुरुवात करायची असेल, तर असे पारखलेले वाणच हाती असावे लागतात.

शेतात उभा असलेला जनुकसंपादित गहू ओळखता येईल का?

डोळ्यांनी नाही. बदललेली अक्षरे कोणती, हे माहीत असेल, तर पानाच्या नखाएवढ्या तुकड्यावरून प्रयोगशाळेत ते नक्की करता येते. माहीत नसेल, तर एखादा लहान बदल संपादनाने झाला की आपोआप, हे डीएनए वाचूनही सांगता येत नाही. त्यामुळे ओळख पटण्याचा एकच खात्रीचा मार्ग उरतो : वाण जाहीर करतानाच कोणत्या जनुकात, कोणत्या प्रतींमध्ये, नेमका कोणता बदल केला आहे, हे संस्थेने प्रसिद्ध करणे आणि बियाण्याच्या पिशवीवर मूळ वाणाच्या नावाशेजारी ते मराठीत छापणे.